कॅमेऱ्यामागची नावे

वृत्तछायाचित्रणाचा इतिहास सांगताना पुष्कळदा १९३६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाकडे बोट दाखवले जाते. नाहुम टिम गिडाल यांनी ती सुरुवात काही वर्षे मागे, जर्मनीत नेऊन ठेवली.

१९०९ साली म्युनिकमध्ये जन्मलेल्या गिडाल यांचे पहिले छायाचित्रवृत्त १९२९ मध्ये तेथील ‘म्युन्शनर इलुस्ट्रिर्टे प्रेस’ या साप्ताहिकात आले. लायकासारखा लहान कॅमेरा तेव्हा हाती आला होता. छत्तीस चित्रांच्या फिल्ममुळे एका घटनेची सलग मालिका टिपता येई आणि स्टेफान लोरांटसारखा संपादक ती पानावर लावी. वॉल्टर बॉसहार्ड यांनी १९३० मध्ये दांडी येथे टिपलेले गांधीजी जर्मन वाचकांपर्यंत पोचले, ते याच साप्ताहिकातून.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. लोरांटना तुरुंगात टाकले गेले. त्याच वर्षीच्या संपादक-कायद्याने ज्यूंना पत्रकारितेची दारे बंद झाली. त्यात छायाचित्रकारही आले. गिडाल पॅलेस्टाइनला गेले, पुढे लंडनला लोरांटच्याच ‘पिक्चर पोस्ट’साठी काम करू लागले. या पिढीचे अग्रणी एरिख सालोमन १९४४ मध्ये आउशवित्झमध्ये मारले गेले.

युद्धानंतर गिडाल अमेरिकेत ‘लाइफ’चे संपादकीय सल्लागार झाले. मग मात्र ते अध्यापनाकडे वळले. आधी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये, नंतर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात. १९७२ मध्ये त्यांचे जर्मन वृत्तछायाचित्रणाच्या उगमावरचे पुस्तक आले. ज्यांची नावे एका राजवटीने पुसली होती, त्यांचीच नोंद त्यात होती.

साक्षीदारच इतिहासकार झाला, की आपले सोबती मध्यभागी येतात. त्याच काळात कामगार चळवळीतले हौशी छायाचित्रकारही जर्मनीत काम करत होते. गिडाल यांचे पुस्तक वाचताना त्यांचीही आठवण ठेवावी लागते. तरीही कोणता संपादक चित्र कसे निवडी, कोण कोणाबरोबर काम करी, हे छापील अंकावरून कळत नाही. ते त्या कचेरीत बसलेल्या माणसालाच ठाऊक असते.

आपल्याकडेही जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली चाळाव्यात. कितीतरी छायाचित्रांखाली छायाचित्रकाराचे नावच नसते. ती चित्रे टिपणारे, निवडणारे काही जण आज निवृत्त होऊन घरी बसले आहेत. त्यांच्याकडे वही-पेन घेऊन आताच जायला हवे; ती माणसे गेल्यावर फायलींतून ही नावे शोधता येणार नाहीत.