वसतिगृहाची वही आणि ताराबाईंचं पुस्तक

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा लांबलचक पडलंय : 'विद्यापीठ परिसरातल्या स्त्रियांसाठीच्या सोयी आणि स्त्रियांच्या इतिहासाची साधनं'. ऐकणाऱ्याला वाटेल, ही दोन व्याख्यानं एकात कोंबली आहेत. एकीकडे वसतिगृह, तक्रार समिती, शिष्यवृत्तीची खिडकी. दुसरीकडे जुनी पुस्तकं, आठवणी, दप्तरं. पण आम्हाला ही गोष्ट एकच वाटते, आणि ती सांगायला छत्रपती संभाजीनगर ही अगदी योग्य जागा आहे.

इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र आहे, त्याला ताराबाई शिंदे यांचं नाव दिलंय. आपण त्या पाटीपासूनच सुरुवात करू.

ताराबाई बुलढाण्याच्या. म्हणजे इथून फार लांबच्या नव्हेत. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला झाला. आधी फाशी सुनावली गेली, मग अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाली ती बायकांच्या चालचलणुकीची. त्या मुलाच्या बापाबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. ताराबाई संतापल्या आणि त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. लोक तुटून पडले. जोतीराव फुल्यांनी 1885 साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. आणि त्यानंतर ते पुस्तक नाहीसं झालं.

कुणी बंदी घातली नव्हती, कुणी जाळलंही नव्हतं. ते कुणी पुन्हा छापलं नाही, बास. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं. मध्ये गेली 93 वर्षं! या काळात मुलींच्या शाळा निघाल्या, रमाबाईंचं शारदा सदन झालं, कर्व्यांचं महिला विद्यापीठ झालं, बायका पदवीधर झाल्या, मंत्री झाल्या. पण आपल्याच भाषेत, आपल्याच बाजूनं, इतक्या रोखठोक भाषेत एक बाई लिहून गेलीय, हे सांगणारं पुस्तक साध्या वाचकाच्या हाती येण्यासारखं नव्हतं. एखादी प्रत कुठेतरी टिकली म्हणून ताराबाई परत आल्या. नाहीतर केंद्राच्या पाटीवर आज दुसरंच नाव असतं.

आता मराठवाड्याकडे येऊ. निजामाच्या राज्यात इथलं उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं. 17 सप्टेंबर 1948 नंतर संस्थान गेलं आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. मधली दहा वर्षं नीट वाचली पाहिजेत. मुक्तिसंग्रामात बायका होत्या. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके होत्या, आशाताई वाघमारे होत्या, गीताबाई चारठाणकर होत्या. आज ही नावं आपल्याला सांगता येतात, कारण कुणीतरी त्यांच्याशी बोललं, लिहून ठेवलं. पण रात्री भाकऱ्या थापून शिवारात पोचवणारी बाई कुठल्या कागदावर येणार? स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी केंद्र सरकारची योजना 1972 साली आली. तिची मुख्य कसोटी तुरुंगवासाची. पुरुषांना सहा महिने. स्त्रियांसाठी ती पुढे तीन महिन्यांवर आणली, हे खरं. पण भाकरीला तुरुंगवासाचा दाखला मिळत नाही. सरकारी दप्तरात जे पुराव्याला लागतं तेच उरतं, आणि बायकांची बरीचशी कामं पुराव्याच्या व्याख्येतच बसत नाहीत.

म्हणून आम्ही विद्यापीठाच्या सोयींकडे वळतो. थोडं विचित्र वाटेल, पण वसतिगृहाची नोंदवही हे स्त्रियांच्या इतिहासाचं फार मोठं साधन आहे.

आधी वसतिगृह आलं कुठून ते पाहू. आपल्याला सवय आहे, 'सरकारनं दिलं', 'संस्थेनं दिलं' असं म्हणायची. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि बाबासाहेब तिथं बोलले. हजारो बायका आल्या होत्या. परिषदेनं जे ठराव केले त्यांत घटस्फोटाचा हक्क आहे, बहुपत्नीत्वाला विरोध आहे, गिरणीतल्या बायकांच्या रजेचा प्रश्न आहे, आणि सरकारी खर्चानं मुलींची वसतिगृहं काढा ही मागणीही आहे. ठराव करणाऱ्या कितीतरी जणींना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा मुलींचं वसतिगृह ही मागून, भांडून मिळवलेली गोष्ट आहे.

आठच वर्षांनी, 1950 साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं याच गावात महाविद्यालय सुरू केलं, पुढचं मिलिंद. नागसेनवनातल्या त्याच्या इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या पोरांना राहायला, जेवायला जागा असल्याशिवाय कॉलेज काढून उपयोग नाही, हे तिथं पहिल्यापासून ओळखलं होतं. शिकवणं आणि सांभाळणं या दोन गोष्टी तिथं वेगळ्या नव्हत्या.

या परिषदेची, आणि आंबेडकरी चळवळीतल्या बायकांची हकिगत आज आपल्याला सलग वाचता येते ती मुख्यतः एका पुस्तकामुळे : ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला', 1989. दोघी घरोघर गेल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना बोलतं केलं. आणखी दहा वर्षं थांबल्या असत्या तर त्यातल्या किती जणी भेटल्या असत्या? त्याचा इंग्रजी अनुवाद 2008 साली आला, तो वंदना सोनाळकर यांनी केला. त्यांनी याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलं आणि ताराबाई शिंदे केंद्राचं कामही पाहिलं. म्हणजे नागपूरची परिषद या परिसरातून जगभर पोचली असं म्हणायला हरकत नाही.

आता वहीकडे. वसतिगृहाच्या वहीत काय असतं? नाव, गाव, तालुका, वडिलांचा धंदा, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख. कधी शेरा असतो : 'लग्न ठरले', 'फी थकली', 'घरी आजारपण'. कारकून हे सगळं हिशेबासाठी लिहितो. इतिहासकार मात्र त्या वहीपाशी दिवसभर बसेल. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. या साडेपंधरा वर्षांचा इतिहास आपण मोर्चे, सत्याग्रह, लाँग मार्च, हुतात्मे यांच्यातून सांगतो, आणि तो तसा सांगितलाच पाहिजे. पण गावात घर जळाल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचं काय होतं? ती परत येते का? त्याचं उत्तर ऑगस्ट 1978 च्या 'सोडल्याची तारीख' या रकान्यात असतं. अशा वह्या रद्दीत गेल्या की तो प्रश्न विचारायची सोयच उरत नाही.

तक्रार समितीचं दप्तर जास्त नाजूक आहे. त्याचाही इतिहास विद्यापीठांतून गेलेला आहे, हे लक्षात घ्या. आपल्याच राज्यातल्या मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 साली पोलिसांना निर्दोष ठरवलं. त्यावर 1979 साली चार कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर. तिथून आंदोलन पेटलं आणि 1983 साली कायदा बदलला. मग 1997 चा विशाखा निकाल, 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, आणि 2015 चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम. या नियमांप्रमाणे अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, आणि सबळ कारण असलं तर ती मुदत वाढवता येते. हे ऐकणाऱ्या मुलींनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

समितीची कागदपत्रं गोपनीय असतात आणि असलीच पाहिजेत. इतिहासाच्या हौसेपायी कुणा मुलीचं नाव बाहेर येता कामा नये, यात आमच्या मनात शंका नाही. पण दरवर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, एवढा अहवाल द्यावाच लागतो. तो आकडा जपून ठेवा. आणि एखाद्या वर्षी आकडा शून्य दिसला तर लगेच टाळ्या वाजवू नका. शून्याचा अर्थ 'काही घडलं नाही' असा असू शकतो, किंवा 'समिती कुठं बसते हे कुणाला ठाऊक नव्हतं' असाही असू शकतो. दोन्हीकडे कागद सारखाच कोरा दिसतो.

एक गोष्ट आजची. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ झालं. चांगलं झालं. पण खानावळीचं बिल त्यात येत नाही. या विद्यापीठाचे जिल्हे चार : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव. बीडकडची किती कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात! आईबाप फडावर, घराला कुलूप. अशा मुलीला दिवाळीच्या सुट्टीत 'वसतिगृह रिकामं करा' असं कुणी म्हटलं, तर तिनं जायचं कुठं? फडावर, किंवा मग घाईनं ठरवलेल्या लग्नात. सुट्टीत चार खोल्या उघड्या ठेवणं ही सोय दिसायला किरकोळ आहे. पण पन्नास वर्षांनी कुणी बीड जिल्ह्यातल्या मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहायला बसलं, तर या चार खोल्यांची नोंद सापडते की नाही, यावर एक अख्खं प्रकरण अवलंबून असेल.

वेळ झालीय, आयोजक घड्याळाकडे बघताहेत. एकच विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या आईकडे, आजीकडे, मावशीकडे जुनं ओळखपत्र असेल, खानावळीचं पुस्तक असेल, वसतिगृहातून घरी लिहिलेली कार्डं असतील, तर ती टाकू नका. मागे पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. आजी हयात असेल तर फोनवर तिचं बोलणं मुद्रित करा, आणि आधी तिला विचारा की हे कुणाला ऐकवलेलं चालेल. ती नाही म्हणाली तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, त्यांच्याकडे माइक द्या.