तळटीप : गोंयचो सायब

जुन्या गोव्यात, बॉम जीझस बॅसिलिकेत, लेखकाने ज्या चांदीच्या पेटीपुढे हात जोडले ती संत फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२) यांची. अमरावतीच्या कॅथेड्रललाही त्यांचेच नाव आहे. १५४२ मध्ये ते गोव्यात आले. देह ठेवला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर. पुढे तो गोव्यात आणला, पण आज तो पूर्ण नाही : हजारोंना बाप्तिस्मा देणारा उजवा हात १६१४ मध्ये कोपरापासून वेगळा करून रोमला नेला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्याच दिवशी माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात नांगर धरणारा इसिडोर, आपल्याकडच्या भाषेत सालदार, संत ठरला. अकोला-अमरावतीच्या कास्तकारांनी त्याचीही ओळख करून घ्यावी, असे मनापासून वाटते. त्याचा सण १५ मे, म्हणजे ऐन वखरणीच्या दिवसांत.