आतड्याचा जुना दाह आणि रक्ताचा रिपोर्ट : सीआरपी, ईएसआर कसे वाचावे?

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा दोन रिपोर्ट घेऊन आले. मुलाला आतड्याचा जुना आजार. एका लॅबने सीआरपी ६ दिला होता, महिन्याने दुसऱ्या लॅबने १.२. "सर, उतरलं ना? मग गोळ्या बंद करू?" आम्ही आकड्यापुढचं एकक पाहिलं. पहिलं मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे १.२ चे झाले १२. उतरलं नव्हतं, दुप्पट झालं होतं.

या आजाराचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही. हा संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा एरवी त्यांना सहन करते. इथे ती सहनशीलता बिघडते. पांढऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात घुसतात, टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायने सोडतात. इंटरल्यूकिन-६ चा निरोप यकृताला मिळाला की यकृत सीआरपी बनवू लागते. (हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले.)

बहुतेक लॅब ५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत सीआरपी नॉर्मल धरतात. दाह शमला की तो काही दिवसांतच उतरतो. ईएसआर मात्र हळू उतरतो. शिवाय वय, गरोदरपण, रक्ताची कमतरता यांनीही वाढतो.

पण सीआरपी फक्त दाह आहे एवढंच सांगतो, कुठे ते नाही. दाढ सुजली तरी वाढेल. उलट कोलायटिसमध्ये शौचातून रक्त जात असतानाही तो नॉर्मल येऊ शकतो, आणि तिथेच घरची मंडळी "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसतात. अशा वेळी शौचाच्या नमुन्यातली कॅलप्रोटेक्टिन तपासणी जास्त कामाची. हे प्रथिन पांढऱ्या पेशींतून येतं. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर आतड्याचा दाह असण्याची शक्यता कमी. २५० च्या वर गेलं तर बहुधा आहेच. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

फेरिटिनचंही असंच. ते लोहाचा साठा दाखवतं, पण दाह असला की उगाच वाढतं. मुलगी फिकी पडलेली आणि फेरिटिन "नॉर्मल", असं होऊ शकतं.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, सीआरपी दोन्हीत वाढतो. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर तो पसरू शकतो. म्हणून डॉक्टर दुर्बिणीने तुकडा काढून तपासायला सांगतात, त्याला नाही म्हणू नका.

त्या मुलाच्या गोळ्या चालू राहिल्या, पुढचं डॉक्टरांनी ठरवलं. आम्ही फक्त एका वहीत तारीख, लॅब आणि एकक असे रकाने आखून दिले.