फिरायला चाललोय, मुलाकडे नव्हे

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं इजिप्तला जाऊन आलो. पिरॅमिडबद्दल लिहीनच कधीतरी, पण आज लिहायचंय ते फक्त निघण्याच्या दिवसाबद्दल. त्या रात्री मुंबईच्या विमानतळावर तीन तास बसून होतो, आणि बसल्या बसल्या जो इतिहास आठवत गेला तो मी तीस वर्षांत एकदाही वर्गात शिकवला नव्हता. पुस्तकात तो धडाच नव्हता.

याआधी आम्ही तीनदा परदेशी गेलो. तिन्ही वेळा न्यू जर्सीला, मुलाकडे. दोनदा सुनेच्या बाळंतपणाला आणि एकदा थोरल्या नातीची शाळा सुरू झाली तेव्हा. बॅगांत आमचे कपडे नावापुरते. बाकी मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, भाजणी. शिवाय मुलगा तिकडूनच आमच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवायचा. पाय धड होते हो! पण फ्रँकफर्टला विमान बदलताना आईबाबा चुकू नयेत म्हणून ही सोय. मी खुर्चीत आणि 'हे' दुसऱ्या खुर्चीत, अशी आमची वरात निघायची.

या वेळी व्हीलचेअर नव्हती, लाडू नव्हते, आणि मुलगा रागावलेला होता.

झालं असं की ऑक्टोबरात त्याचा फोन आला. धाकटीला सांभाळणारी बाई सोडून चालली आहे, तुम्ही नोव्हेंबरात या, तिकिटं मी काढतो. मी म्हटलं, अरे, आमचं इजिप्तचं ठरलंय, पैसे भरलेत. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "अगं पण इजिप्त काय पळून जातंय का?"

"इजिप्त नाही जात, माझे गुडघे चाललेत," मी म्हटलं. तो हसला नाही. "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर दहा दिवस फोन नाही. लेक मात्र म्हणाली, जा गं आई, खुशाल जा. पण तिची मुलं मोठी झालीत, तिला म्हणायला सोपं!

असो. साताऱ्याहून दुपारी निघालो, रात्री विमानतळावर पोचलो. शिक्का मारणाऱ्या साहेबांनी विचारलं, "कैरोला मुलगा असतो का?" म्हटलं, "नाही, फिरायला चाललोय." त्यांनी एकदा मान वर करून बघितलं आणि शिक्का मारला.

तेवढ्या प्रश्नाने मला माझे काका आठवले. १९६९ साली ते अमेरिकेला शिकायला गेले तेव्हा आमचं अख्खं घर सांताक्रूझला पोचवायला गेलं होतं. हार, नारळ, पेढे, आणि आजी रडून रडून बेजार. काकांच्या खिशात होते आठ डॉलर. सरकारकडून त्या काळी प्रवाशाच्या हातावर एवढंच पडायचं. तिकीट काढण्याआधी 'पी फॉर्म' मंजूर व्हावा लागे. निव्वळ सहलीसाठी परकीय चलन मिळणं सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य. मग कोणी तिकडचा पाहुणा उभा करायचा, त्याने खर्चाची हमी द्यायची, तेव्हा जमायचं. म्हणजे परदेशी जायला तिकडे आपलं माणूस असावंच लागे. आमच्या पिढीच्या मनात परदेश म्हणजे कोणाकडे तरी जाणं, हे बसलं ते असं.

त्याआधीही कारण लागायचंच. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. गोपाळराव मागे राहिले. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्याही शिकण्यासाठीच. समुद्र ओलांडण्याचा दोष मानणाऱ्या समाजाला काहीतरी मोठं कारण द्यावं लागे. नवराबायको मजेत फिरायला निघालेत असं त्या काळच्या मराठीत म्हणायलाही जड गेलं असतं.

आणि पासपोर्ट? तो द्यायचा की नाही हे १९६७ पर्यंत सरकारच्या मर्जीवर होतं, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. त्यासाठी कायदाच नव्हता! एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साहनी खटल्यात सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय ते अडवता येणार नाही. पाचांपैकी तीन न्यायमूर्ती या बाजूचे, दोन विरुद्ध. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? त्याच वर्षी संसदेने पासपोर्टचा कायदा केला. पुढे त्याच कायद्याखाली मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला आणि जानेवारी १९७८ मध्ये न्यायालयाने आणखी पुढचं सांगितलं, की नुसता कायदा असून भागत नाही, तो वापरण्याची रीतही न्याय्य हवी. नागरिकशास्त्रात मी कलम २१ शिकवत होते, पण माझ्या पर्समधल्या निळ्या पुस्तिकेशी त्याचा संबंध कधी जोडला नाही.

पैशाचं कुलूप त्यानंतरही बरीच वर्षं होतं. १९७३ च्या 'फेरा' कायद्यात परकीय चलनाचा नियम मोडणं हा फौजदारी गुन्हा होता. तो जाऊन जून २००० मध्ये 'फेमा' लागू झाला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली, आता ती अडीच लाख आहे. आम्हाला एवढ्याचं काय करायचंय म्हणा! यांनी बदलून घेतलेले डॉलर दोन पाकिटांत विभागून ठेवले होते आणि दर अर्ध्या तासाने दोन्ही चाचपत होते.

इतक्यात मुलाचा फोन. दहा दिवसांनी.

"बाबांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवल्यात ना?"

"हो."

"इन्शुरन्सचा कागद?"

"आहे. धाकटीला कोण बघतंय रे?"

"बघतोय आम्ही. एक आठवडा मी घरून काम करतोय, पुढचं पुढे." मग थोडं थांबून, "फोटो पाठव."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. हे म्हणाले, "अगं, रद्द करायचं का?" मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय!" पण खरं सांगते, विमानाचं दार बंद होईपर्यंत मनात ती लहानगीच होती.

विमान धावू लागलं तेव्हा यांना सांगितलं, याच विमानतळावरून ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान उडालं, 'मलबार प्रिन्सेस', आणि तेही कैरोमार्गेच गेलं. पुढे जिनिव्हा, मग लंडन. त्यात जे.आर.डी. टाटा स्वतः होते. यांनी विचारलं, "मग ते विमान आता कुठे असतं?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

उत्तर दिलं ते कैरोला उतरल्यावर, बॅगांच्या पट्ट्यापाशी. ३ नोव्हेंबर १९५० ला तेच विमान कैरोहून जिनिव्हाला जाताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ माणसं गेली.

"हे आत्ता सांगतेस?"

"मग कधी सांगायला हवं होतं?"

घड्याळं साडेतीन तास मागे केली. पहाटेचे चार वाजत आले होते. तिकडे न्यू जर्सीत रात्रीचे नऊ, नातींची झोपायची वेळ. यांनी फोन बाहेर काढला, "पोचलो म्हणून सांगायचं का त्याला?"

"सांगू," मी म्हटलं. "आधी बॅग येऊ दे."