पालकांसाठी लिहिलेले पत्र

‘प्रिय बाई’ हे पुस्तक मराठी वाचकांना अपरिचित नाही. इटलीतील बार्बियाना नावाच्या डोंगरी वस्तीत शिकणाऱ्या आठ मुलांनी मिळून ते लिहिले आणि १९६७ च्या मे महिन्यात फ्लॉरेन्स येथे ते प्रसिद्ध झाले. एका शिक्षिकेला लिहिलेले खरमरीत पत्र म्हणून ते जगभर वाचले गेले. तथापि आरंभीच मुलांनी केलेला एक खुलासा वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. पुस्तक शिक्षकांसाठी नसून पालकांसाठी आहे, पालकांनी एकत्र यावे, संघटित व्हावे, यासाठीचे ते निमंत्रण आहे, असे मुलांनी स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. या निमंत्रणाचे पुढे काय झाले, इटलीच्या माध्यमिक शाळांत आईबापांना कोणती जागा मिळाली आणि ती त्यांनी कशी सांभाळली, याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

या मुलांचे गुरू फादर लोरेंझो मिलानी यांचा जन्म १९२३ साली फ्लॉरेन्समधील एका सुखवस्तू, सुविद्य घराण्यात झाला. आई यहुदी वंशाची होती. १९४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि सान दोनातो येथील धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. कम्युनिस्ट घरांतील मुलांना वा त्यांच्या वडिलांना दाराशी अडखळल्यासारखे होऊ नये, म्हणून शाळेच्या खोलीतील क्रूसही त्यांनी उतरवून ठेवला होता. हे पाऊल अनेकांना रुचले नाही, यात नवल नाही. परंतु दुसऱ्याच्या घरातून येणाऱ्या मुलाला बोलावताना त्या घराचा संकोच आधी ध्यानात घ्यावा, हा त्यामागचा विचार आम्हांला आजही मोलाचा वाटतो. डिसेंबर १९५४ मध्ये वरिष्ठांनी त्यांना बार्बियानाला धाडले. तेथे ना रस्ता होता, ना वीज, ना नळाचे पाणी. दूरदूर विखुरलेली शेतकऱ्यांची मोजकी घरे आणि एक ख्रिस्तमंदिर, एवढाच काय तो धर्मग्राम. ही एक प्रकारची हद्दपारीच होती.

प्राथमिक शाळा संपलेल्या सहा मुलांना घेऊन १९५६ साली त्यांनी तेथे पुढील शिक्षणाची शाळा सुरू केली. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे सर्व दिवस ही शाळा चाले. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत, वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन होई. परंतु शेतकऱ्याच्या घरी बारा वर्षांचा मुलगा म्हणजे कामाचे दोन हात. मेंढरांमागे जाणारे ते हात दिवसभर शाळेला द्यायचे, हा त्या आईबापांचा त्याग होता. शाळेची थोरवी गाताना मिलानींच्या चाहत्यांनी या त्यागाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे.

त्या काळची इटलीची शालेय व्यवस्था येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. १९४८ च्या राज्यघटनेने आठ वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण देऊ केले होते. मुलांचे पालनपोषण, शिक्षण व संस्कार हा आईबापांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे याच घटनेचे तिसावे कलम सांगते. प्रत्यक्षात मात्र अकराव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या होत. लॅटिन शिकवणारी माध्यमिक शाळा एकीकडे आणि कामगार घडवणारी शाळा दुसरीकडे. ३१ डिसेंबर १९६२ च्या कायद्याने हा भेद मिटवून अकरा ते चौदा वयोगटासाठी सर्वांना एकच माध्यमिक शाळा केली. दार उघडले खरे, पण त्या दारातून आत गेलेली शेतकऱ्यांची नि मजुरांची मुले नापासाचा शिक्का घेऊन बाहेर पडू लागली. बार्बियानाच्या मुलांनी आकडेवारी गोळा करून हेच मांडले.

या पुस्तकात एक प्रसंग आहे. मुलगा अभ्यासात मागे पडला म्हणून त्याची गरीब आई शाळेत जाते. शिक्षिका सुसंस्कृत आहे. ती आईला बसायला सांगते, हजेरी-गुणांची वही दाखवते, निळ्या खुणांनी भरलेला पेपर पुढे ठेवते. आई भारावून घरी परतते. बाईंनी किती सभ्यपणाने वागवले, याचेच तिला अप्रूप. आपल्या पोराच्या नशिबी बुद्धी नाही, आता तो आपल्यासारखाच शेतात जाईल, अशी ती मनाची समजूत घालते. या भेटीत कोणी कोणाला वावगा शब्द बोललेले नाही. वरवर पाहता शाळा आणि पालक यांच्यातील आदरयुक्त संभाषणाचा हा नमुनाच म्हणावा. परंतु बोलली एकटी शिक्षिका. आईजवळ विचारण्यासारखे पुष्कळ होते, विचारण्याची भाषा मात्र नव्हती. गरिबाला भाषा मिळाल्याखेरीज समानता नाही, हे मिलानींच्या सगळ्या शिकवणीचे सूत्र होते, आणि ते या आईकडे पाहिल्यावर जितके कळते तितके कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभरातच, २६ जून १९६७ रोजी, मिलानी कर्करोगाने निवर्तले. पुढील वर्षी विद्यार्थ्यांच्या चळवळीने हे पत्र डोक्यावर घेतले. पालकही संघटित होऊ लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या जाहीरनाम्यात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे म्हटले होते. कॅथोलिक विचारांच्या पालकांची एक संघटना १९६८ मध्ये उभी राहिली. डाव्या विचारांच्या पालकांनी १९७६ मध्ये आपली वेगळी संघटना काढली व तिच्या संस्थापकांत बालसाहित्यिक जान्नी रोदारी होते.

दरम्यान ३१ मे १९७४ रोजी शासनाने जे हुकूम काढले, त्यांनी शाळेच्या कारभाराचे रूपच पालटले. प्रत्येक शाळेत निवडून आलेली परिषद आली. पाचशेपर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेत तिचे चौदा सभासद असत: सहा शिक्षक, सहा पालक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि मुख्याध्यापक. (चौदा वर्षांपुढील मुलांच्या वरच्या माध्यमिक शाळेत पालकांच्या जागांतील निम्म्या विद्यार्थ्यांना मिळाल्या.) परिषदेचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडावा, असा दंडक होता. मुख्याध्यापक त्याच मेजाशी साधा सभासद म्हणून बसणार. वही पाहून गप्प राहिलेल्या आईच्या पिढीतील कोणी त्या खुर्चीवर बसू शकेल, ही कल्पना दहा वर्षांपूर्वी कोणाला सुचली नसती. खालच्या माध्यमिक शाळेत दर वर्गामागे चार पालक-प्रतिनिधीही आले. फेब्रुवारी १९७५ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या, तेव्हा पालकांनी प्रचंड संख्येने मतदान केले.

हा उत्साह टिकला नाही. मतदान वर्षागणिक घटत गेले. त्याची कारणे अनेक सांगितली जातात. उमेदवारांच्या याद्यांत राजकीय पक्षांची सावली पडली, हे एक. परिषदेच्या सभा मतदारांना खुल्या नव्हत्या, त्यासाठी १९७७ चा कायदा यावा लागला, हे दुसरे. परंतु आमच्या मते खरी मेख निराळी होती. अंदाजपत्रक, नियमावली, सहली यांवर पालक मत देऊ शकत, मात्र मुलांच्या मूल्यमापनाची बैठक फक्त शिक्षकांची असे. मूल्यमापन शिक्षकांनीच करावे, याविषयी आम्हांला शंका नाही. शेजारच्या मुलाचे गुण ठरवायला पालक बसले तर अनर्थच होईल. पण ज्या घडीला मुलाचे भवितव्य ठरते, त्या घडीपूर्वी त्याच्या घरची हकिगत शाळेच्या कानी कशी जावी, याची सोय परिषदेच्या खुर्चीने झाली नाही. शिवाय खुर्चीवर बसू शकले ते बहुधा बोलता येणारे, ज्यांना संध्याकाळची सवड होती असे पालक. त्यांतील बऱ्याच जणांच्या मनात आपल्याच मुलाची काळजी होती. बार्बियानाच्या मुलांनी पालकांकडे मागितले होते ते याहून अवघड होते. दुसऱ्याच्या नापास झालेल्या मुलासाठी तुम्ही शाळेत या, असे त्यांचे सांगणे होते.

तीस वर्षांनी वारे फिरले. २००६ मध्ये तुरीन येथील एका शाळेत सहाध्यायांनी एका अपंग मुलाचा छळ करून त्याची चित्रफीत इंटरनेटवर टाकली आणि देश हादरला. शिक्षणमंत्री ज्युसेप्पे फियोरोनी यांच्या कारकिर्दीत, २१ नोव्हेंबर २००७ च्या आदेशाने, माध्यमिक शाळांत ‘सहजबाबदारीचा शैक्षणिक करार’ आला. प्रवेश घेतेवेळी पालक व विद्यार्थी या दोघांनी त्यावर सही करायची. शाळा, विद्यार्थी आणि कुटुंब यांचे परस्परांप्रती हक्क व कर्तव्ये त्यात लिहिलेली असतात. २०१९ च्या कायद्याने हा करार प्राथमिक शाळांपर्यंत नेला. १९७४ साली पालक कारभारात भागीदार होता. आता त्याच्या कर्तव्याचीही लेखी आठवण त्याला दिली जाऊ लागली. यात शाळेचा धाक डोकावतो, असे काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. मुलाच्या वर्तनाची जबाबदारी घरच्यांवरही आहे, हे घटनेनेच सांगितले होते.

तरीही ४ मार्च २०२४ रोजी इटलीच्या संसदेला आणखी एक कायदा करावा लागला. शाळेतील कर्मचाऱ्यांवर हिंसा करणाऱ्यांची शिक्षा त्याने वाढवली, आणि मुख्याध्यापक वा शिक्षक यांचा अवमान करणारी व्यक्ती विद्यार्थ्याची पालक असेल तर ती अधिक गंभीर बाब ठरवली. त्या मूक आईपासून हात उगारणाऱ्या पालकापर्यंतचे हे अंतर अवघ्या सत्तावन्न वर्षांचे आहे. संगणकावरील हजेरी-गुणांच्या वहीमुळे मूल घरी पोहोचण्याआधी त्याचे गुण पालकांच्या हातातील फोनवर येतात, आणि राग शांत व्हायला जो रस्त्याचा वेळ मिळे तोही उरलेला नाही. तथापि त्या आईत आणि या रागावलेल्या पालकात आम्हांला एक साम्य दिसते. दोघेही शाळेत एकटेच येतात, आणि दोघांनाही शाळेत केवळ आपले मूल दिसते.

२० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस बार्बियानाला गेले, मिलानींच्या कबरीपाशी त्यांनी प्रार्थना केली आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांची भेट घेतली. ज्यांच्या ‘धर्मग्रामीय अनुभव’ या ग्रंथावर १९५८ साली चर्चच्या अधिकाऱ्यांनी निर्बंध घातले होते, त्यांचा हा उशिरा झालेला सन्मान होता. शाळेची ती खोली आजही जपून ठेवलेली आहे.

कराराच्या आदेशात एक तरतूद आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक शाळेने नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत करावे आणि कराराचा मजकूर सर्वांसमोर मांडून समजावून द्यावा. तो कोणी लिहावा, केव्हा बदलावा, कोणी मिळून बदलावा, हे शाळेच्या स्वतःच्या नियमावलीवर सोपवलेले आहे. प्रवेशाच्या इतर कागदांबरोबर न वाचता सही झाली, तर हे दोन आठवडे कोरडेच जातात. जेथे शिक्षक आणि पालक समोरासमोर बसून तो मजकूर ओळीने वाचतात, तेथे ज्या आईला वाचता येत नाही तिलाही मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो.