दही लागलं नाही, तिथून सुरुवात

दूध विरजायला घातलं आणि सकाळी दही लागलंच नाही, तर घरात दोष थंडीला जातो. १९४०चं दशक सरताना युरोप-अमेरिकेतल्या चीज करणाऱ्यांची विरजणं अशीच फसू लागली. कारण सापडलं गोठ्यात. दगडी झालेल्या गाईच्या सडात पेनिसिलिन सोडायचे. ते दुधात उतरायचं आणि विरजणातले जिवाणू मारायचं. दुधातलं औषध पहिल्यांदा पकडलं ते या न लागलेल्या दह्याने!

पण कोणतं औषध, किती, हे दही सांगत नाही. त्यासाठी क्रोमॅटोग्राफी. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सात पानांच्या अर्कातले रंग भुकटी भरलेल्या नळीतून पाठवून वेगळे करून दाखवले. (रशियनमध्ये ‘त्स्वेत’ म्हणजे रंग. आडनाव कामाला शोभलं.) आज नळी पोलादी आहे, आणि पुढे जोडलेलं यंत्र दुधाच्या एका नमुन्यात डझनावारी औषधं ओळखतं.

अडचण वेगळीच आहे. ही नळी वाहती ठेवायला बहुतेक वेळा अ‍ॅसिटोनायट्राइल लागतं. मिनिटाला एक मिलिलिटर म्हटलं तरी दिवसरात्र चाललेलं एक यंत्र जवळपास दीड लिटर विषारी सांडपाणी काढतं. म्हणजे दूध शुद्ध आहे का हे बघताना आपण दुसरीकडे घाण करतो. त्यात हे द्रावण प्लॅस्टिक आणि धाग्यांच्या कच्च्या मालाचं जोडउत्पादन. २००८च्या मंदीत गाड्या खपेनात, तो माल कमी बनू लागला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत अ‍ॅसिटोनायट्राइलचा तुटवडा पडला. पर्याय शोधणं आता भागच होतं.

त्यातला एक पर्याय इथेनॉल. ते घट्ट असल्याने नळीत दाब वाढतो, मग नळी गरम ठेवावी लागते. पण ते कमी विषारी आहे आणि उसाच्या मळीपासून होतं. तो ऊस तोडायला बीडमधून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अर्थात कारखान्यातलं इथेनॉल थेट यंत्रात चालत नाही, ते आधी फार शुद्ध करावं लागतं.

आणि मुळात नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोचायला हवा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या पाहणीत देशभरातले ६,४३२ दुधाचे नमुने तपासले. ७७ मध्ये प्रतिजैविकं मर्यादेबाहेर होती. आकडा लहान वाटतो, पण जास्त सापडलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

नियम तर आहे. २०१२पासून जनावरांच्या औषधावर ‘इतके दिवस दूध वापरू नका’ हे छापावं लागतं. त्या औषधासाठी दिवस ठरलेले नसतील तर किमान सात. आता आष्टी-पाटोद्याकडचं दोन गाईंचं घर डोळ्यांसमोर आणा. पाऊस नाही, चारा विकतचा. दहा लिटरची गाय दगडीने आजारी पडली की सत्तर लिटर दूध ओतून द्यायचं, वर डॉक्टरचे पैसे. संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर. दूध ओतून देणाऱ्याला त्या सात दिवसांचं काहीच मिळत नाही.