नायकुंडची शिळावर्तुळे

पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीच्या परिसरात वसलेल्या नायकुंड येथील शिळावर्तुळे ही विदर्भातील महापाषाण संस्कृतीची, म्हणजे मृतांसाठी मोठमोठ्या धोंड्यांची स्मारके रचणाऱ्या लोहयुगीन समाजाची, दफनस्थळे होत. शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांच्या 1978-80 मधील उत्खननामुळे या स्थळाला विशेष महत्त्व आले, कारण येथे मृतांच्या वर्तुळांबरोबरच जिवंतांची वस्तीही उजेडात आली आणि त्या वस्तीत इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. वक्राकार विटांची ती भट्टी, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि भोवती पडलेली धातुमळी यांवरून येथील लोक लोखंड स्वतः गाळत होते, हे स्पष्ट होते.

खनिज, कोळसा आणि अखंड भाता यांच्या बळावर हाती येणारे हे लोखंड त्या काळी किती मोलाचे असेल, हे ध्यानात घेतले म्हणजे विदर्भातील वर्तुळांत मृतांसोबत ठेवलेल्या वस्तूंचा अर्थ अधिक खोलवर जाणवतो. त्यांत छिन्न्या व खंजीर आहेत, तशाच सपाट पात्याच्या कुऱ्हाडीही आहेत; पाते दांड्याशी जखडणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या काही कुऱ्हाडींवर अजून तशाच आहेत, लाकडी दांडा मात्र केव्हाच मातीत मिळाला. मृताला परलोकी उपयोगी पडावे म्हणून हे दिले, असे सामान्यतः मानले जाते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु अनेक वर्तुळांत संपूर्ण सांगाड्याऐवजी मोजकी हाडेच आढळतात, म्हणजे देह टिकवण्याचा अट्टहास या समाजाने धरला नव्हता. हाडे, काळी-तांबडी मडकी आणि अवजारे माती-मुरमाखाली कायमची झाकली जात. डोळ्यांना दिसत राही ते केवळ धोंड्यांचे कडे. मृत्यूचा इतका निःसंदिग्ध स्वीकार क्वचितच पाहायला मिळतो.

डोळ्यांना दिसणाऱ्या या धोंड्यांवरही कुठे कुठे खुणा आढळतात. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे वर्तुळाच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले असून, ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद केली होती. मृतांची आठवण दगडात जपण्याची रीत विदर्भात पुढच्या काळातही दिसते; गडचिरोलीतील माडिया समाज मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करीत आला आहे.

शेतातला अडथळा किंवा बांधकामाची खडी म्हणून शिळावर्तुळाचा एक धोंडा हलवला, तरी वर्तुळ कायमचे मोडते. म्हणून पारशिवनीकरांनी नायकुंडचे धोंडे जागच्या जागी राखावेत.